पांढरीची हाडं, ढवळ्याची दाढ : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

मॅडमचा नियम : प्रयोगशाळेच्या वहीत वजनं, वेळा आणि आकडे एवढंच. बाकीचं पाल्हाळ स्वतःच्या वहीत. तर ही पाल्हाळाची वही.

हातात आलेला माल असा. गोदावरी खोऱ्यातल्या एका पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, निघालेले जनावरांच्या हाडांचे बारा तुकडे, सगळे जोर्वे काळातले, म्हणजे ढोबळमानाने तीन हजार वर्षांपूर्वीचे. गाय-बैल सात, शेळी-मेंढी चार, हरीण एक. माणसाचं एकही नाही. मी जरा हिरमुसलो, ते मॅडमच्या लक्षात आलं. "नमुना आम्लात गेला की संपला. आधी जनावरं जमव, मग माणसांचं बोलू," म्हणाल्या. बरोबरच आहे. माणसाचं हाड नवशिक्याच्या हातात कोण देईल?

प्रश्न मात्र माणसांचाच आहे : तेव्हाचे लोक रोज काय खात होते, ते हाडांवरून ओळखता येईल का? आमच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे कितीतरी हंगाम तिथे खोदलं. घरं सापडली, धान्याची पेवं सापडली, नदीचं पाणी वळवायला काढलेला पाट सापडला. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आत पुरलेली लहान मुलं सापडली, घोट्याच्या वरून पाय तोडून पुरलेली मोठी माणसं सापडली. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून पिकं कळली : मुख्य पीक जव, जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी लावला; पुढे त्यावर वादही झाले.

पण जळका दाणा फक्त "होतं" एवढं सांगतो. चुलीत सांडलेले चार दाणे आणि रोजची भाकरी यातला फरक त्याला सांगता येत नाही. तो फरक हाडाला माहीत असतो.

९ फेब्रुवारी

आजीला फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला. इथे उतरवून ठेवतो, कारण तिला सांगतानाच मला नीट कळलं.

कार्बन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. जड फार थोडा, शंभरात एकाच्या आसपास. झाडं हवेतला कार्बन घेताना हलका पसंत करतात, जडाला शक्यतो बाहेर ठेवतात. गहू, जव, भात, सगळ्या डाळी, बाभूळ, बोर, आंबा ही मंडळी जडाच्या बाबतीत फार चोखंदळ. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, ऊस ही तितकी चोखंदळ नाहीत, जडही बऱ्यापैकी चालवून घेतात. पहिल्या गटाला सी-३ म्हणतात, दुसऱ्याला सी-४. ठरलेल्या एका मापापेक्षा जड कार्बन दर हजारी किती कमी, तो आकडा : पहिल्याचा साधारण उणे २६ किंवा २७, दुसऱ्याचा उणे १२ किंवा १३. दोघांच्या मध्ये जवळजवळ मोकळं रान आहे, म्हणून तर ही पद्धत चालते. माणूस जे खातो त्यातून हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन बनतं आणि त्याचा आकडा अन्नाच्या आकड्यापेक्षा पाचाने वर सरकतो. निव्वळ भातावर जगलेल्याचं हाड उणे २१ च्या आसपास, निव्वळ ज्वारीवर जगलेल्याचं उणे ७-८.

आजी म्हणाली, "म्हणजे मी मेल्यावर माझ्या हाडात भाकरी निघेल."

निघेल. आणि चहातली साखरही निघेल, कारण ती उसाची. आजीचे दिवसाला सहा कप.

१८ फेब्रुवारी

मामाकडे. जुन्या हाडांना हात लावण्याआधी ज्याचं खाणं ठाऊक आहे अशा आजच्या जनावरांवर हात बसवायचा, असं ठरलंय. बोकडाची नळी मटणवाल्याकडून मिळाली, ब्रॉयलरची तंगडी घरच्याच रश्श्यातून. बैलाचं हाड दुकानात मिळायचा प्रश्नच नाही. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैल कापता येत नाही. मग ढवळ्या आठवला.

ढवळ्या दोन वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेला. मामाने त्याला बांधाच्या कडेला, लिंबाखाली पुरला होता. मी विषय काढला तेव्हा मामा बराच वेळ काही बोलला नाही. मामीच म्हणाली, "शाळेचं काम हाय, घेऊ द्या." मामाने नारळ फोडला आणि स्वतः कुदळ घेतली. उजव्या मांडीचं हाड आणि खालचा जबडा घेतला, बाकी तसंच मातीआड केलं.

ढवळ्यासारखा नमुना विकत घ्यायचा म्हटला तरी मिळणार नाही. त्याने काय खाल्लं हे मामाला वर्षावर्षाने पाठ आहे. शाळूचा कडबा, मालदांडीचाच. उन्हाळ्यात घोडगंगा साखर कारखान्याकडून आणलेले उसाचे वाढे. औताच्या दिवसांत सरकी पेंड. पावसाळ्यात माळावरचं गवत. हरभरा निघाला की त्याचा भुसा, तोही थोडाच. वहीत लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "लहानपणी कुठे होता?" मामा म्हणाला, "इथलाच की. कडब्यावरच वाढलेला." तेही लिहिलं.

येताना पिशव्या भरल्या : कडबा, बाजरीचं सरमाड, बाभळीच्या शेंगा, माळावरची वाळलेली कुसळी, मारवेल, पवन्या. एसटीत शेजारच्या माणसाने विचारलं, "जनावर कुठाय?"

२६ फेब्रुवारी

गवताने डोकं धरायला लावलंय. कुसळी, मारवेल, पवन्या ही तिन्ही सी-४. दख्खनच्या माळावरचं बहुतेक गवत तसंच आहे. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्याचा अर्थ आज डोक्यात शिरला.

ही पद्धत जन्मली कुठे? सुरुवात तर रेडिओकार्बनवाल्यांच्या डोकेदुखीतून झाली : मक्याच्या कणसांची वयं इतर नमुन्यांपेक्षा तरुण का येतात, म्हणून शोधायला गेले आणि मक्यातला जड कार्बन हाती लागला. मग १९७७ मध्ये फोगेल आणि व्हान डर मर्व यांनी न्यू यॉर्क राज्यातली जुनी माणसांची हाडं मोजून तिथे मका आल्याचं दाखवलं. १९७८ मध्ये डीनिरो आणि एप्स्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक खाणं देऊन कार्बन तपासला, १९८१ मध्ये नायट्रोजन. उत्तर चीनमध्ये पिवळ्या नदीच्या खोऱ्यात राळ्याची शेती अशीच हाडांत दिसली. न्यू यॉर्क काय किंवा उत्तर चीन काय, आजूबाजूची बहुतेक झाडी सी-३. अशा गावात मका किंवा राळा म्हणजे परका पाहुणा, लगेच ओळखू येतो.

आमच्याकडे तो पाहुणा नाहीच, घरचाच आहे. ज्वारी आफ्रिकेतून इथे यायच्या आधीपासून माळावर कुसळी होती. ती खाणारी गाय हाडाने "ज्वारीवाली" दिसणार, तिच्या दुधातही तोच कार्बन. आणि ते दूध पिणारा, तिचं मांस खाणारा माणूस? तो जवाच्या पेजेवर जगला असला तरी त्याचा आकडा ज्वारीकडे सरकणार. म्हणजे इनामगावच्या माणसाचं हाड उणे १२ आलं, तर त्याने ज्वारी खाल्ली, की कुसळी खाल्लेली गाय खाल्ली, हे त्या एका आकड्यावरून सांगता येणार नाही.

मॅडमनी बारा जनावरंच का दिली ते आज कळलं. त्या हे कधीच फोडून सांगत नाहीत.

५ मार्च

पांढरीचे तुकडे साफ करायला घेतले. वरून चुनखडीचं पुट इतकं घट्ट, की आधी दगडच वाटला. दातांच्या डॉक्टरकडचं असतं तसं फिरतं यंत्र, हिऱ्याची टोकं. वरचा थर खरवडला की हाडाचा पिवळट रंग यायला हवा. इथे खडूसारखा पांढरा निघतोय, जिभेला लावला तर चिकटतो. (जीभ लावू नये असं नियमात आहे. सगळे लावतात.) जीभ चिकटते म्हणजे आतली छिद्रं रिकामी, म्हणजे कोलॅजन गेलेलं. लक्षण काही बरं नाही.

ताज्या हाडात वजनाने साधारण पाचवा हिस्सा कोलॅजन असतं. जमिनीखाली ते हळूहळू तुटतं, आणि ऊब असेल तर हळूहळू नाही, भराभरा. डेन्मार्कच्या थंड, ओल्या मातीतली मध्याश्मयुगातली माणसं अशी टिकली की १९८१ मध्ये टाउबरने त्यांच्या हाडांवरून सरळ दाखवलं : आधीचे लोक समुद्रातलं खात होते, शेती आल्यावरच्यांनी समुद्राकडे जवळपास पाठ फिरवली. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. दरवर्षी एकदा भिजवायचं, एकदा भाजायचं, असं तीन हजार वेळा.

१२ मार्च

सगळे तुकडे आम्लात. अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक, फ्रिजमध्ये ४ अंशांवर. हाडातला खनिज भाग विरघळून जातो, कोलॅजनचा सांगाडा मागे राहतो. पांढरीच्या तुकड्यांनी आम्ल पडताच सोड्यासारखा फेस काढला. ती आतपर्यंत शिरलेली चुनखडी. ढवळ्या, बोकड आणि कोंबडी मात्र शांत.

दोन दिवसांआड आम्ल बदलायचं. घाई करून तीव्र आम्ल घातलं किंवा थंडावा सोडला, तर खनिजाबरोबर कोलॅजनही तुटतं.

२६ मार्च

नेमकं तेच झालं.

शनिवार, रविवार, धुळवड. तीन दिवस कुलूप. त्यात वीज गेली आणि जनरेटरच्या यादीत आमचा फ्रिज नाही, हे आज समजलं. आत आलो तर आम्लाच्या नळ्या खोलीच्या तापमानाला, आणि मार्च अखेरची खोली म्हणजे काही पुण्यातली थंडी नव्हे. पांढरीच्या सातापैकी दोन बैलांच्या नळ्यांत तळाला नुसता गाळ. बोकडाचा तुकडा हाताला बुळबुळीत लागला. ढवळ्याचा ठीक आहे, तो जाडजूड होता.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "दोन गेले. दहा उरले. नोंद कर," एवढंच. नोंद केली. बोकडाचा दुसरा तुकडा लावला. फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला, प्रयोगशाळेतल्या काकांनी त्याखाली पेनाने लिहिलं : सुट्टीआधी बर्फ भरा.

१६ एप्रिल

आज मजा आली. खनिज गेल्यावर ढवळ्याचं हाड शिजलेल्या साबुदाण्यासारखं अर्धपारदर्शक झालं होतं. चिमट्याने दाबलं की वाकतं आणि परत सरळ होतं. आकार तोच, छिद्रंसुद्धा जागच्या जागी, फक्त हाडपण गेलेलं.

पुढची पायरी १९७१ पासून लाँगिनच्या नावाने ओळखली जाते, पण आमच्या घरात ती त्याआधीपासून चालते. पाया शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी रस्सा थरथरतो ना, तेच हे. किंचित आंबट पाणी, पीएच ३, ७० अंश, ४८ तास. कोलॅजन पाण्यात उतरतं, माती-मुळांचा कचरा तळाशी राहतो. गाळायचं, गोठवायचं, मग निर्वात यंत्रात बर्फ थेट वाफ होऊन उडून जातो. मागे उरतं ते जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखं, पांढरं आणि फुललेलं. ढवळ्याच्या नळीत ते झाकणापर्यंत आलंय.

पांढरीच्या दहा नळ्यांपैकी आठांत डोळ्यांना काही दिसत नाही. एकात तपकिरी पापुद्रा. एकात, हरणाच्या, खरंच थोडा कापूस.

८ मे

वजन करायचं काम. अर्धा मिलिग्रॅम कोलॅजन कथलाच्या इवल्याशा वाटीत घालायचं, वाटी चिमट्याने मिटून गोळी करायची, मुगाच्या दाण्याएवढी. काटा इतका हळवा की पंखा बंद, एसी बंद, दार बंद. बाहेर ४० अंश. कापूस अंगातल्या विजेने चिमट्याला चिकटून उडतो, कपाळावरचा घाम वाटीत पडला तर माझंच मोजमाप होईल. अठरा गोळ्या करायला साडेचार तास. एकदा शिंक आली, त्यात एक वाटी गेली.

गोळ्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार. तिथे त्या एकेक करून हजारएक अंशांच्या नळीत पडतील, जळतील, निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन चुंबकाच्या वळणावरून जाईल आणि जड-हलके वेगळे होतील. इथे साडेचार तास, तिथे प्रत्येकी काही मिनिटं.

१९ जून

आकडे आले.

आजचे आधी. ढवळ्या उणे ९.७. बोकड उणे १९.६, म्हणजे तो बाभूळ-बोरीवर वाढलेला, मटणवाला खरं बोलला. कोंबडी दोघांच्या मध्ये, कारण खाद्यात मका आणि सोया, एक सी-४, एक सी-३. जुन्याशी तुलना करताना आजच्या आकड्यांत दीड-दोनाची भर घालायची असते. दोनशे वर्षं आपण जो कोळसा आणि तेल जाळलं त्याच्या हलक्या कार्बनने सगळी हवाच हलकी करून ठेवलीय.

पद्धत जमतेय. आता पांढर.

कोलॅजन चांगलं आहे की नाही याची परीक्षा ठरलेली आहे. हाडाच्या वजनाच्या निदान एक टक्का तरी निघायला हवं. आणि कार्बन-नायट्रोजनचं अणूंचं गुणोत्तर २.९ ते ३.६ मध्ये बसायला हवं. ते माप डीनिरोने १९८५ मध्ये दिलं. गुणोत्तर वर गेलं म्हणजे मातीतला कार्बन मिसळला. तपकिरी पापुद्र्याचं ५ च्या वर. ते कोलॅजन नाही, माती आहे. हरणाचं ३.८. थोडक्यात हुकलं.

मी मॅडमना म्हटलं, ३.८ म्हणजे ३.६ च्या जवळच की. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. हरीण बाद.

दहापैकी शून्य. साडेचार महिने.

२१ जून

कालचा दिवस काही लिहिलं नाही.

आज जेवताना मॅडम आपणहून बोलल्या. हाडाच्या रसायनातून आहार काढायची खटपट कोलॅजनच्या आधीची आहे. स्ट्रॉन्शियम या धातूचं कॅल्शियमशी प्रमाण मोजायचे : वनस्पती खाणाऱ्यात जास्त, मांस खाणाऱ्यात कमी. कल्पना सुरेख, आणि हाड कितीही जुनं असलं तरी आकडा यायचाच. गोम तिथेच होती. आकडा हाडाचा की हाडात मुरलेल्या भूजलाचा, हे सांगता येईना. पुष्कळ कागद त्यात वाया गेले. "कोलॅजन निदान संपलं की संपलं म्हणून सांगतं," त्या म्हणाल्या, आणि ताक प्यायल्या.

नायट्रोजनचंही बोलणं झालं. तो अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला तीन ते पाचाने चढतो. गवतापेक्षा गाय वर, गायीपेक्षा तिला खाणारा वर. अंगावर पिणारं बाळ आईच्याही वर, म्हणून लहान मुलांच्या हाडांवरून दूध कधी सुटलं ते कळतं. रांजणातल्या त्या मुलांच्या हाडांत कोलॅजन असतं तर काय काय विचारता आलं असतं. पण दूध की मटण, हे नायट्रोजनलाही सांगता येत नाही. शेणखत घातलेल्या शेतातलं धान्यही वर चढतं, कोरड्या मुलखातली जनावरंही. जेवण होता होता माझ्या लक्षात आलं, की ज्या आकड्यासाठी मी रडत होतो तो आला असता तरी त्याच्यापुढे चार-पाच "पण" उभे होते.

मग त्या म्हणाल्या, "दात बघितलेस का?"

४ जुलै

दाताचं वरचं कवच, एनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण भाग. कोलॅजन त्यात जवळपास नसतंच, पण स्फटिकात थोडा कार्बोनेट अडकलेला असतो आणि त्याचा कार्बनही अन्नातूनच आलेला असतो. उष्ण मुलखात हाड हरलं तरी एनॅमल टिकतं. सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि फरमाणा इथल्या माणसांचा अभ्यासही दातांच्या एनॅमलवरूनच झालाय. मोठ्या चरणाऱ्या जनावरांत आकडा अन्नापेक्षा चौदाने वर जातो. म्हणजे निव्वळ सी-४ खाणारा बैल शून्याच्या वर एखाद-दोन, निव्वळ सी-३ वाला उणे १२-१३.

आणखी एक गंमत. हाड आयुष्यभर झिजतं आणि भरतं. मांडीच्या हाडात मागच्या अनेक वर्षांची सरासरी असते. दात एकदा बनला की बनला. बैलाची तिसरी दाढ त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या आगेमागे तयार होते, टोकाकडून मुळाकडे, आणि ते दिवस तसेच थरांत बंद होतात.

आधी ढवळ्याची दाढ. चौदा वर्षं कडबा दळून ती इतकी झिजलीय की कवच जेमतेम १५ मिलिमीटर उरलंय. मुळाकडून वर दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या रेघा पाडल्या. यंत्राच्या टोकाखाली पांढरी पूड येते, ती कागदाच्या घडीत झाडून घ्यायची. एका रेघेची पूड नखाच्या टोकावर मावेल एवढी. सात रेघा. जळक्या केसांचा वास थोडा आला म्हणून थांबलो. टोक कवच संपून खालच्या थराला लागलं होतं. ती रेघ बाद, शेजारी नवी पाडली.

पांढरीच्या मालात बैलाच्या दोन दाढा होत्या, फेब्रुवारीपासून दुसऱ्या खोक्यात पडलेल्या. हाडांच्या नादात मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

२९ ऑगस्ट

ढवळ्याच्या दाढेचे आकडे आले आणि मी चिडलो. वाटलं, पुड्या अदलाबदल झाल्या.

कडब्यावर वाढलेल्या जनावराची सातही मापं शून्याच्या आसपास यायला हवीत. वरच्या, म्हणजे आधी बनलेल्या रेघा उणे ७ च्या आसपास. मग खाली येताना आकडा चढत चढत उणे २ ला टेकतो. ऑक्सिजनही सोबत मोजला होता. तो पिण्याच्या पाण्याचा हिशेब. आपल्याकडे जोरदार पावसाचं पाणी हलकं असतं, उन्हात आटलेलं पाणी जड. वरच्या रेघा जड, खालच्या हलक्या. म्हणजे वर उन्हाळा, खाली पावसाळा. हा क्रम नीट लागतोय, तर पुड्या बदललेल्या नाहीत.

मग उन्हाळ्यात सी-३ कुठून आलं? उणे ७ म्हणजे निम्म्याच्या आसपास खाणं सी-३. हरभऱ्याचा भुसा एवढा कोण घालतं? गव्हाचा भुसा? झाडपाला? मॅडम म्हणाल्या, "जनावर कुठलं?" मी वही दाखवली : इथलाच, कडब्यावर वाढलेला. त्यांनी "इथलाच" खाली पेन्सिलीने रेघ मारली.

जनावर दुसऱ्या मुलखातून आलं का हे शोधायला एरवी स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, वापरतात. खडक बदलला की त्यांचं गुणोत्तर बदलतं. इथे त्याचा उपयोग शून्य. सह्याद्रीपासून शिरूरपर्यंत आणि पुढेही पायाखाली तोच काळा बेसॉल्ट.

११ सप्टेंबर

पांढरीच्या दोन दाढा. एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्याच्या आसपास सपाट, दुसरी थोडी खाली-वर. दोन जनावरांवरून काही म्हणायचं नाही, असं मॅडमनी दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान डोलावली. तरी इथे लिहितो, ही माझी वही आहे : पहिला बैल वर्षभर सी-४ खात होता, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही. माळावरचं वाळलेलं गवत, की कोणी त्याच्यासाठी रचून ठेवलेली वैरण? दाढेला दोन्ही सारखंच.

२ ऑक्टोबर

आमच्याकडे पोळा भाद्रपदात. मामाला फोन केला, पाठीमागे घुंगरांचा आवाज. नवी जोडी रंगवून झाली होती.

"काय निघालं आमच्या ढवळ्यात?"

म्हटलं, मांडीत कडबा निघाला, अगदी तू सांगितला तसा. पण दाढेत लहानपणी काहीतरी वेगळं आहे. उन्हाळ्यात कडबा नाहीच. पावसाळ्यात गवत. मामा, तो नक्की इथलाच होता?

मामा गप्प. मग मामीला हाक मारली. मामी लांबून काहीतरी म्हणाली. मग मामा हसायला लागला.

"अरे, तो चाकणच्या बाजारातला. चार दाती होता, तेव्हा आणला. इकणारा मावळातला माणूस. आला तेव्हा कडब्याला तोंड लावंना, आठ दिवस. पेंढा शोधत हिंडायचा."

भाताचा पेंढा. मावळात उन्हाळ्यात गव्हाणीत तोच असतो, आणि पावसाळ्यात डोंगर हिरवा. चार दाती म्हणजे अडीच-तीन वर्षांचा. दाढ तोवर बनून झालेली. वहीतलं "इथलाच" खोडलं, तारीख घातली, सही केली.

म्हटलं, मग फेब्रुवारीत इथलाच का म्हणालास?

"बारा वर्षं दावणीला होता. मग कुठला म्हणू?"

जरा थांबून विचारलं त्याने, उरलेलं परत देणार का. अर्धं मांडीचं हाड आणि एका दाढेचा जबडा अजून कपाटात आहे, नमुना क्रमांक १. प्रयोगशाळेच्या नियमाने निम्मा भाग राखून ठेवावा लागतो. जबडा नेता येईल. दिवाळीत आणतो म्हणालो.